उभ्या गाडीचे काटे

डॅशबोर्डच्या मागे हात घातला तेव्हा बोटांना काहीतरी मऊ लागलं. जुन्या गाड्यांत तिथे कापूस सापडतो, चिंध्या सापडतात, म्हणून मी ते मुठीत धरून सरळ ओढलं. बाहेर आलं ते उंदराचं घर. कुरतडलेली तंबाखूची पानं, सीटमधला काथ्या, वायरींच्या रबराचे तुकडे, आणि मध्ये वाळून चामड्यासारखी झालेली पिल्लं. त्यातल्या एकाचं शेपूट माझ्या बांगडीत अडकलं. मी हात झटकला, पण ते निघेना.

गाडीच्या दारात मालकांचा धाकटा मुलगा, भरतेश चौगुले, काडीने दात कोरत उभा होता. तो हसला आणि म्हणाला, की आमच्याकडचे उंदीरसुद्धा तंबाखू खाऊन मरतात. मग दातांतून निघालेलं त्याने तिथेच, गाडीच्या पायरीवर थुंकलं.

मी तेव्हा तिशीतली होते. कोल्हापुरात उद्यमनगरच्या कडेला वडिलांचं घड्याळांचं आणि गाड्यांच्या मीटरचं दुकान होतं. वडिलांचे हात कापायला लागले तसं ते माझ्याकडे आलं. बाईमाणूस मीटर उघडतं म्हणून सुरुवातीला लोक बघायला यायचे, नंतर काम घेऊन यायला लागले. निपाणीहून चौगुल्यांचा निरोप आला तो असाच कुणाच्या तरी ओळखीने. आमच्या वडिलांची जुनी विलायती गाडी आहे, मीटर बंद आहेत, घरी येऊन बघून जा.

गाडी घरामागच्या तंबाखूच्या वखारीत उभी होती. धंदा बंद पडून बरीच वर्षं झाली होती, पण भिंतींतून तो वास गेला नव्हता. घशात बसायचा, डोळ्यांना चुरचुरायचा. त्यात उंदरांच्या मुताचा वास मिसळलेला. डायलच्या काचांच्या आत पिवळे ओघळ सुकलेले होते आणि काटे त्यांना चिकटून बसले होते. टायर फुटलेले, ब्रेकचा पाइप सडलेला. मागची दोन्ही चाकं लाकडी ठोकळ्यांवर उचलून ठेवलेली.

मी थोरल्या मुलाला, सुकुमारला विचारलं, की आधी ब्रेक, टायर करायचे सोडून मीटर कशाला. तो म्हणाला, गाडी कुठे न्यायची नाहीये. अण्णांची इच्छा आहे, मरायच्या आधी एकदा चालू गाडीत बसायचं. इंजिन चालू करायला मिस्त्री येतोय. पण मीटर चालत नसतील तर मी बसणार नाही, असा अण्णांनी हट्ट धरलाय.

ऐकून मला बरं वाटलं, हे खरं आहे. म्हाताऱ्या बापाच्या असल्या हट्टासाठी कोल्हापूरहून माणूस बोलावणारी मुलं रोज बघायला मिळत नाहीत.

अण्णा म्हणजे बाबगोंडा चौगुले. दुपारी त्यांना हाताला धरून वखारीच्या दारापाशी खुर्चीवर आणून बसवलं. ऐंशीच्या घरातला, हाडाने मोठा माणूस. काचबिंदूमुळे त्यांना समोरचं तेवढं दिसायचं, दोन्ही बाजूंना अंधार. सुकुमारने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवल्यासारखं केलं आणि त्यांच्या देखतच मला सांगितलं, की यांचं डोकं ठिकाणावर नसतं, बोलले तर हो ला हो करा. सुकुमारची बायको त्रिशला चहा घेऊन आली. अण्णांच्या हनुवटीवरून चहा ओघळला तेव्हा तिने गाडीच्या बॉनेटवरचं फडकं उचललं आणि त्याच फडक्याने त्यांचं तोंड पुसलं. त्यांच्या गालावर काळा पट्टा उमटला. कुणी तो पुसला नाही. उठून मी माझा रुमाल ओला करून पुसला.

ते माझ्याशी मात्र सरळ बोलायचे. मीटर किती, कुठला काटा अडकलाय, कुठला तुटलाय, सगळं विचारून घ्यायचे. मी एकेक सुटा करून हातात द्यायची आणि ते नाकाजवळ धरून बघायचे. वेगाचा काटा चाळिसाच्या आसपास थरथरायचा, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, ती थरथर काढून टाकते. ते म्हणाले, "नको पोरी. थरथरू दे. गाडी चालायला लागली असं त्यानंच वाटतंय."

मीटरची पेटी घेऊन मी कोल्हापूरला आले. कितीदा धुतलं तरी तो वास जाईना. दुकानात गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावायचं. डायल पुसले, केसासारख्या स्प्रिंगा बदलल्या, वेगाच्या मीटरची केबल नवी वळून घेतली. आठवड्याने सगळं घेऊन परत निपाणीला गेले आणि दिवसभर बसून बसवलं. मिस्त्रीने इंजिन चालू केलं, गिअर टाकला. ठोकळ्यांवर उचललेली चाकं हवेत गरगर फिरायला लागली आणि वेगाचा काटा हळूहळू चढला. दारातून अण्णांनी विचारलं, चढला का. मी म्हटलं, चढला. त्यांनी मान हलवली आणि सुकुमारला म्हणाले, की मग उद्या सकाळी.

दुसऱ्या दिवशी काही बिघडलं तर असावं म्हणून मला थांबवून घेतलं होतं. सकाळी गेले तर अण्णांना आंघोळ घातलेली, इस्त्रीचं धोतर, कोट, डोक्याला फेटा. वखारीत एक उभा पंखा आणून गाडीच्या खिडकीसमोर ठेवलेला. काळा कोट घातलेला एक वकील खुर्चीवर बसून पोहे खात होता. त्याच्या मांडीवर कागदांची फाइल होती आणि पोह्यांतलं तेल तिच्यावर ठिपकलं होतं.

सुकुमारने मला बाजूला, नळाकडे नेलं आणि अगदी सहजपणे सगळं सांगितलं. महामार्ग रुंद होतोय, वखारीच्या जागेवर हॉटेल बांधायला माणूस तयार आहे. कागद अण्णांच्या एकट्याच्या नावावर आहेत. पण अण्णांनी त्यांच्या आईला, ती शेवटच्या घटका मोजत असताना, शब्द दिलाय, की आक्काला विचारल्याशिवाय वखार विकणार नाही. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, बेडकिहाळला असते. वखार उभी राहिली तेव्हा तिने अंगावरचं सोनं मोडून दिलं होतं, त्यामुळे म्हातारीचा तोरा असा की अर्धी वखार तिचीच. ती हो म्हणणार नाही. आणि अण्णा म्हणतात, मी माझ्या गाडीतून बेडकिहाळला जाणार, आक्काच्या तोंडून ऐकणार, तिथल्या तिथे सही करणार.

"तर आज त्यांना बेडकिहाळला न्यायचंय," तो म्हणाला. "इथंच. तुम्ही फक्त आक्का व्हायचं. त्रिशलाचा आवाज ते ओळखतात. खिडकीपाशी येऊन म्हणायचं, बाबू, कर सही, माझं काय म्हणणं नाही. एवढंच."

मला आधी नीट कळलंच नाही. मग पंखा आठवला, ठोकळ्यांवरची चाकं आठवली, आणि गेला आठवडाभर मी ज्याला बापावरची माया समजत होते ते काय होतं ते ध्यानात आलं. मी नाही म्हणून सांगितलं. त्याला राग आला नाही. तो म्हणाला, यात खोटं काय आहे, म्हाताऱ्याला बहिणीला भेटल्याचं समाधान. मी परत नाही म्हटलं. मग त्याने खांदे उडवले आणि हाक मारली, की त्रिशला, तुलाच करायला लागतंय, पदर तोंडात धर आणि बोल.

माझी हत्यारांची पिशवी गाडीपाशी होती. ती उचलून निघून जावं असं मनात होतं. पण पिशवीपाशी गेले आणि तिथेच थांबले. त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं.

अण्णांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. शेजारी सुकुमार, मागे भरतेश. मिस्त्रीने इंजिन चालू करून दिलं आणि अण्णांनी स्वतः, अगदी सवयीने, क्लच दाबून गिअर टाकला. पंखा सुरू झाला. त्यांच्या फेट्याचा शेमला उडायला लागला. मिस्त्री मागच्या बंपरवर पाय ठेवून गाडीला हिसके देत होता. सुकुमार वाटेतली गावं सांगत होता, अकोळ आलं अण्णा. थोड्या वेळाने, गळतगा गेलं. भरतेश मागे बसून तोंडावर हात ठेवून हसत होता, आणि हसू आवरेना तेव्हा खोकल्याचं सोंग करत होता. धुराने वखार भरली. वकिलाने ताटली खाली ठेवली आणि बोटं चाटली.

अण्णा फक्त समोरच्या डायलकडे बघत होते. काटा चाळिसावर थरथरत होता.

बेडकिहाळ आलं. सुकुमारने हात लांब करून गिअर काढला, पण इंजिन चालूच ठेवलं. त्रिशला सुकुमारच्या बाजूच्या खिडकीशी आली, तोंडात पदराचा बोळा धरून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "बाबू, कर सही. माझं काय म्हणणं नाही."

मला पुढचं सहन झालं नाही. मी दुसऱ्या बाजूने अण्णांच्या खिडकीपाशी गेले, पंख्याला पाठ करून उभी राहिले आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "अण्णा, मी मीटरवाली हेमलता. गाडी वखारीतच आहे. कुठंच गेलेली नाही. इथं आक्का नाहीत."

सुकुमारचा चेहरा पडला. भरतेशचा खोकला थांबला. अण्णांनी मान वळवली नाही. त्यांचे डोळे डायलवरच होते.

"ठाऊक आहे मला," ते हळू म्हणाले. "पेट्रोलचा धूर साऱ्या वखारीत कोंडलाय. रस्त्यावर असा कोंडतो होय?"

मी खिडकीवरचा हात काढला. ते म्हणाले, "पोरी, तुझं काम मीटरचं होतं. ते तू चांगलं केलंस. काटा चाळिसावर गेलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. मी बेडकिहाळला गेलो, आक्का हो म्हणाली, मी सही केली. उद्या लोक म्हणतील, आंधळ्या बापाला पोरांनी फसवलं. म्हणू देत. मी शब्द मोडला असं कुणी म्हणणार नाही."

मग त्यांनी डावीकडे तोंड केलं. "त्रिशला, इंजिनच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. परत म्हण एकदा."

त्रिशलाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान हलवली. तिने पदराचा बोळा पुन्हा तोंडात घातला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. अण्णांनी हात पुढे केला. वकिलाने पेन दिलं. कागद नाकाजवळ धरून त्यांनी तीन ठिकाणी सही केली.

मीटर चालू झाल्याशिवाय गाडीत बसणार नाही, हा अण्णांचा हट्ट कशासाठी होता, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पोरं समजत होती की आपण बापाला फसवतोय. बाप त्यांच्याकडून स्वतःला फसवून घेत होता. त्या वखारीत खरं समजून चाललेली एकटी मीच होते. गाडीत आता दोन्ही पोरं बापाचे खांदे थोपटत होती आणि तिघेही हसत होते. उंदराची ती वाळलेली पिल्लं हातात आली होती तेव्हा मला इतकी किळस आली नव्हती.

मी पिशवी उचलली, स्टँडवर आले आणि कोल्हापूरच्या गाडीत न बसता बेडकिहाळच्या बसमध्ये बसले. आक्कांचं घर शोधायला त्रास पडला नाही. ठेंगणी, काटक म्हातारी, अंगणात ज्वारी पाखडत बसली होती. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. आधी तिने मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, आणि ती पाखडत राहिली. मी सांगून संपवल्यावर तिने सूप खाली ठेवलं आणि एवढंच विचारलं, की आवाज कुणी काढला. मी म्हटलं, त्रिशलाने.

"तिच्या बाळंतपणाला मीच गेले होते," आक्का म्हणाल्या.

बोलता बोलता संध्याकाळ झाली, शेवटची बस गेली होती. रात्री त्यांच्याकडेच राहिले. सकाळी त्या नऊवारी नेसून तयार झाल्या आणि मला म्हणाल्या, चल, बाबूला भेटून येऊ.

चौगुल्यांच्या घरी सगळे ओसरीवर होते. आक्कांना बघून त्रिशला आत पळाली. अण्णा पाटावर बसले होते. आक्का त्यांच्या अगदी समोर, त्यांना दिसेल अशा जागी जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, की बाबू, वखार विकलीस म्हणे.

मला वाटलं होतं अण्णा खाली मान घालतील. त्यांनी बहिणीच्या तोंडाकडे सरळ बघितलं. "विसरलीस होय आक्का? काल गाडी घेऊन आलो की तुझ्या दारात. तूच म्हणालीस, कर सही. ह्या मीटरवालीला विचार. चाळिसाचा स्पीड होता. काटा चालत होता का नाही?"

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. "चालत होता?"

काटा चालत होता. मीच तो चालवला होता. मी हो म्हटलं, आणि ते हो माझ्या तोंडात कडू झालं.

आक्का उठल्या, ओसरीवरून खाली उतरल्या आणि सरळ मागच्या वखारीत गेल्या. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी गाडीचं दार उघडलं, साडी सावरून पुढच्या सीटवर बसल्या आणि दार ओढून घेतलं. अण्णांना भरतेश धरून घेऊन आला होता.

"काल माझ्या दारात आलास," त्या म्हणाल्या. "आज मला सोड. माझं वय झालंय, एसटीत चढवत नाही."

सुकुमार म्हणाला, की आक्का, मी रिक्षा बोलावतो. आक्कांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शेजारच्या घरांतल्या दोघी-तिघी बायका आवाज ऐकून वखारीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आणखी माणसं. आक्का मांडीवर हात ठेवून समोर बघत बसल्या होत्या, जशी काही गाडी आता सुटेलच.

अण्णा भिंतीला टेकले होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. पण ते बहिणीशी बोलले नाहीत. भरतेशला म्हणाले, "पेट्रोल संपलंय, म्हणावं तिला."

मी गाडीपाशीच उभी होते. मी आत हात घातला आणि किल्ली फिरवली. पेट्रोलचा काटा उठला, सावकाश सरकला आणि अर्ध्याच्या पुढे जाऊन थांबला. आक्कांनी वाकून बघितलं. मागे उभ्या बायकांतल्या एकीने मान लांब करून बघितलं आणि दुसरीला सांगितलं.

"अर्ध्याच्या वर आहे की रे, बाबू," आक्का म्हणाल्या.

अण्णांनी भरतेशचा हात चाचपून धरला आणि ते घराकडे निघाले. उंबऱ्याला पाय अडखळला, तरी थांबले नाहीत. सुकुमार लोकांना हाकलायला लागला, की इथं काय तमाशा आहे का. लोक दोन पावलं मागे सरले आणि तिथेच उभे राहिले.

आक्का बऱ्याच वेळाने उतरल्या. वखारीच्या भिंतींकडे, छपराकडे एकदा बघून घेतलं. घरात परत गेल्या नाहीत. बाहेरच्या बाहेर रस्त्याला लागल्या आणि मी त्यांची पिशवी घेऊन त्यांच्याबरोबर चालत राहिले. कोर्टात जा, मी साक्ष देते, असं मी वाटेत म्हटलं. त्या म्हणाल्या, कुणाविरुद्ध जाऊ. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता.

स्टँडवर पोचल्यावर त्यांनी मला थांबायला सांगितलं. कोपऱ्यात पाण्याचा नळ होता. तिथे जाऊन त्यांनी हात धुतले, पाय घोट्यापर्यंत धुतले, चूळ भरली, डोळ्यांना पाणी लावलं आणि उरलेलं ओंजळभर डोक्यावर शिंपडलं. मयतीहून आलेलं माणूस घरात शिरण्याआधी करतं तसं, एकेक, घाई न करता. मग पदराने तोंड पुसून माझ्याकडून पिशवी घेतली आणि बेडकिहाळच्या बसमध्ये, कुणाचा हात न धरता, चढल्या.

अण्णा त्यानंतर बरीच वर्षं जगले.